भोग दुसऱ्याचे, शांती आपली

सुज्ञ वाचकहो, कर्मसिद्धांतावर आपली श्रद्धा असेल तर ती अवश्य असू द्यावी. फक्त ती कोणाच्या बाबतीत वापरायची, याचे तारतम्य बाळगावे. शेजाऱ्याचा धंदा बुडाला, तर 'अवश्यमेव भोक्तव्यं कृतं कर्म शुभाशुभम्' असे खालच्या आवाजात म्हणून एक उसासा टाकावा. संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण यांतला भेद त्याला समजावून द्यावा, आणि सुटलेला बाण जसा वेग संपल्याशिवाय थांबत नाही तसे प्रारब्धही भोगूनच संपते, हा दृष्टांत सांगून त्याच्या घरचा चहा घेऊन उठावे. स्वतःचा धंदा बुडाला, तर मात्र बाण, वेग आणि दृष्टांत बाजूला ठेवून तडक पत्रिका काढावी. दुसऱ्याच्या दुःखाचे कारण त्याचे कर्म आणि आपल्या दुःखाचे कारण आपले ग्रह, ही वाटणी एकदा पक्की झाली की धर्म आचरायला फारच सोपा जातो.

आपल्या वाट्याला एखादा ग्रह येईल की नाही, ही चिंता करू नये. शनी सुमारे 29.5 वर्षांत राशिचक्राची फेरी पुरी करतो, म्हणजे एका राशीत साधारण अडीच वर्षे राहतो. साडेसातीत एका वेळी 3 राशी सापडतात आणि अडीचकीच्या 2 धरल्या, तर बारांपैकी 5 राशींची सोय एकटा शनीच करतो. त्यातून निसटलात, तर पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या आणि बाराव्या स्थानी मंगळ दबा धरून बसलेला असतो. एवढे करूनही पत्रिका निर्दोष निघाली, तर पितृदोष आहेच; त्यातून सुटायला मुळात पूर्वजच नसावे लागतात.

आता परिहार. येथे जुन्या ग्रंथांपासून थोडे जपून राहावे. मनुस्मृतीच्या अकराव्या अध्यायात पापातून सुटण्यासाठी ते बोलून दाखवणे, पश्चात्ताप, तप आणि अध्ययन असे मार्ग सांगून दान आपत्काळासाठी राखले आहे. आपण थेट दानाकडे वळावे; आपत्ती तर आलेलीच आहे, आणि पहिल्या मार्गाने गेल्यास ती वाढण्याचाच संभव अधिक. चांद्रायण या प्रायश्चित्तव्रतात कृष्णपक्षात रोज एक घास कमी करत अमावास्येला निराहार राहायचे असते, तर प्राजापत्य कृच्छ्र 12 दिवसांचे असून त्यातले शेवटचे 3 दिवस पूर्ण उपवासाचे असतात. घाबरू नये. शास्त्रकारांना आपला स्वभाव ठाऊक होता, म्हणून त्यांनी प्रत्याम्नायाची, म्हणजे पर्यायाची, तरतूद करून ठेवली आहे: कृच्छ्र जमत नसेल तर गाय द्यावी, गाय नसेल तर तिचा निष्क्रय, म्हणजे मोल, द्यावा. उपवासाची गाय झाली, गाईची दक्षिणा झाली आणि दक्षिणेचा आता क्यूआर कोड झाला.

शनीचा जप 23,000 सांगितला आहे आणि कलियुगात तो चौपट करावा म्हणतात, म्हणजे 92,000. या आकड्यानेही खचू नये, कारण संकल्पात 'करिष्ये' या जागी 'कारयिष्ये' म्हटले की जप दुसऱ्याने करायचा आणि फळ आपण घ्यायचे, अशी निर्दोष व्यवस्था लागते. यजमानाकडे उरतो तो एकच शब्द.

मात्र तो वेळेवर उच्चारता आला पाहिजे. आमच्या परिचयातील एका गृहस्थांचे कौशल्य या बाबतीत अनुकरणीय आहे. शांतीला बसले असता त्यांचा फोन वाजला. अनामिकेत दर्भाचे पवित्रक आणि तळहातावर पळीभर पाणी असल्यामुळे उजवा हात गुंतलेला होता, म्हणून त्यांनी फोन डाव्या हाताने उचलला. पलीकडे घर सोडून वर्ष झालेला भाडेकरू होता. 'अहो, अनामत कुठे पळून जात नाही, पुढच्या महिन्यात बघू,' असे त्याला शांतपणे सांगून त्यांनी फोन मांडीखाली सरकवला. गुरुजी 'सकलपापक्षयार्थं' येथे येऊन थांबले होते.

'मम म्हणा,' गुरुजी म्हणाले.

'मम,' ते म्हणाले, आणि ताम्हनात पाणी सोडले. एक थेंबही बाहेर सांडला नाही.