'सोप्पंय' म्हणणाऱ्यांसाठी

सकाळी भाचीने घरच्या ग्रुपवर एक पोल टाकला. ब्रेक निकामी झालेली ट्रॉली सुटलीय, पुढे रुळावर पाच माणसं, बाजूच्या रुळावर एक. खटका ओढला तर पाच वाचतात, एक मरतो. ओढाल की नाही? खाली दोन पर्याय आणि एक हसरा चेहरा. दहा मिनिटांत निम्म्या ग्रुपची मतं पडली. एका मामेभावाने लिहिलं, "सोप्पंय. पाच म्हणजे पाच." दुसऱ्याने विचारलं, "तो एकटा कोण आहे ते आधी सांगा," आणि त्यावर सगळे खो खो.

मी फोन पालथा ठेवला. पाच मिनिटांनी परत उचलला, आणि आता इथे लिहितेय. लांबणार आहे. घाई असेल त्यांनी पुढे जावं.

सोप्पंय म्हणे! हे कोडं काढलं फिलिपा फूट नावाच्या तत्त्वज्ञ बाईंनी, १९६७ साली. त्यांच्या मूळ लेखात खटका नव्हताच, ट्रामचा ड्रायव्हर होता. आणि त्याने ट्राम एकाच्या बाजूला वळवावी, याबद्दल त्यांना फार शंकाही नव्हती. (हो, म्हणजे इथवर मामेभाऊ बरोबर आहे. लिहितेय, नाइलाज आहे.) त्यांना खुपत होतं ते पुढचं. जमावाने पाच ओलीस धरलेत, आणि ते सुटावेत म्हणून न्यायाधीशाने एका निरपराध माणसाला फासावर चढवलं, तर आपल्या पोटात का ढवळतं? हिशेब तर तोच आहे, पाचाला एक. मग मारणं आणि मरू देणं यांच्यात नेमकं काय आहे, हा त्यांचा प्रश्न होता. हसरा चेहरा नंतर कुणीतरी चिकटवला.

त्या दोहोंच्या मधल्या जागेत मी उभी राहिलेय. दोन वर्षांपूर्वी, रात्री अडीच वाजता, आयसीयूच्या दाराबाहेर.

आई अकरा दिवस व्हेंटिलेटरवर होती. न्यूमोनियाने सुरुवात झाली, मग बीपी टिकवायला औषधं, मग किडन्या. डॉक्टर तरुण होता, डोळे तांबारलेले. त्याने दोनच गोष्टी विचारल्या. डायलिसिस सुरू करायचं का? आणि हृदय थांबलं तर छाती दाबून परत चालू करायचा प्रयत्न करायचा का? या वयात बरगड्या मोडतात, हेही त्याने सांगितलं. कागदावर एक रकाना होता, 'रुग्णाशी नाते'. तिथे 'मुलगी' लिहिलं तेव्हा हात स्थिर होता. सहीच्या वेळी नव्हता.

दादा परगावी होता. फोनवर एकच म्हणाला, "सगळं करा. काय लागेल ते करा."

मी नाही म्हटलं. डायलिसिस नको, छाती दाबणं नको.

आता सांगा, यात पाच कुठे आहेत? एक आई होती, आणि दोन्ही रुळांवर तीच होती.

तत्त्वज्ञानवाल्यांकडे याचंही उत्तर असतं. जेम्स रेचल्स यांनी १९७५ मध्ये एक गोष्ट रचली. एकजण वारशासाठी लहान चुलतभावाला आंघोळीच्या टबात बुडवून मारतो. दुसरा त्याच इराद्याने आत जातो, पण पोरगं आपणच घसरून बुडतं आणि हा नुसता बघत उभा राहतो. दोघांत चांगला कोण? कुणीच नाही. म्हणजे नुसतं 'मरू दिलं' म्हटल्याने कुणी सुटत नाही. तर्क चोख आहे, मला खोडता येत नाही. पण अडीच वाजता 'मी काही केलेलं नाही, फक्त वाढवलं नाही' एवढ्या एका वाक्याला धरून मी उभी होते, आणि ते सोडायला मी आजही तयार नाही.

बरं, व्हेंटिलेटर बंद केला की माणूस लगेच जातो, असंही नसतं. अमेरिकेत कॅरेन क्विनलन नावाची तरुणी बेशुद्धावस्थेत होती. यंत्र काढायला १९७६ मध्ये कोर्टाने परवानगी दिली. काढलं. आणि ती आपल्या आपण श्वास घेत १९८५ पर्यंत जगली. पोलमध्ये खटका ओढला की काय होणार ते आधीच छापलेलं असतं. पलीकडच्या रुळावर काय आहे हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. "शक्यता फार कमी आहे," एवढंच. फार कमी म्हणजे किती, हे मी विचारलं नाही. विचारायला हवं होतं का?

आता खरी अडचण सांगते, जी मी आजवर कुठे लिहिली नाही.

आई धडधाकट असताना, एका ओळखीच्या बाईंना भेटून आल्यावर म्हणाली होती, "मला असं नळ्यांना टांगून ठेवू नका." स्वच्छ शब्दांत. मी त्यावर सही केली. पण अॅम्ब्युलन्समध्ये चढवताना दादाला ती काय म्हणाली? "आजचं शब्दकोडं टाकू नकोस. येऊन पुरं करते." दादाने ते धरलं. दोन्ही वाक्यं तिचीच. तिची इच्छा कुठली? आधीची, विचार करून बोललेली, की नंतरची, दम लागलेला असताना बोललेली? 'रुग्णाच्या इच्छेचा आदर करा' असं सांगणारे शहाणे लोक या जागी गप्प होतात.

आणि हेतूचं तर बोलूच नका. तेराव्या शतकातल्या थॉमस अक्वायनस या ख्रिस्ती धर्मचिंतकापासून एक विचार चालत आलाय, की वाईट परिणाम दिसत असला तरी तुमचा हेतू तो नसेल तर तुम्ही दोषी नाही. छान. माझा हेतू काय होता? तिचे हाल थांबावेत. खरंच. पण अकरा रात्री त्या प्लास्टिकच्या खुर्चीवर काढल्यावर माझेही थांबावेत, हे त्यात अजिबात नव्हतं, असं मी शपथेवर सांगू शकत नाही. किती टक्के ती आणि किती टक्के मी, हे वेगळं करायची चाळणी कुणाकडे असेल तर पाठवा.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली. "बरं झालं, सुटली," असं सगळ्यांत आधी म्हणाला तो हाच मामेभाऊ. त्यालाही तेव्हा सोप्पंच वाटलं असणार.

जाऊ दे. त्याच्यावर तरी किती चिडायचं. त्याच्यावर अजून ती वेळ आलेली नाही, आणि येऊही नये.

कोडी घालूच नयेत असंही माझं म्हणणं नाही. घाला. फूटबाईंची ट्राम पुढे नेली ज्युडिथ जार्विस थॉमसन यांनी. रुळांजवळ खटका हाताशी असलेला त्रयस्थ माणूस त्यांनीच उभा केला, १९८५ मध्ये. त्याने खटका ओढला तर चालेल, असं तेव्हा त्यांचं मत होतं. २००८ मध्ये त्यांनी लिहिलं की नाही, आपलं चुकलं, त्याला तो ओढण्याचा हक्क नाही. तेवीस वर्षांनी! हे वाचलं तेव्हा मला त्या बाईंच्या गळ्यात पडावंसं वाटलं. मीही दर काही महिन्यांनी मत बदलते. फरक एवढाच, की माझा कागद परत मिळत नाही.

एवढं लिहून होतंय तोवर भाचीचाच फोन आला. कॉलेजात नीतिशास्त्राचा तास झाला, म्हणून तिने पोल टाकला होता. बिचारीला काय माहीत. तिला फक्त एवढं कळलंय की आजी आजारी होती आणि गेली. म्हणाली, "आत्या, तू मत नाही दिलंस." मी म्हटलं, "देते गं, बघते." आवाज नीट ठेवला.

फोन ठेवून पोल उघडला. कुणी काय मत दिलंय ते नावानिशी दिसतं त्यात. सगळ्यांची नावं आहेत. मामा, मावशी, मामेभाऊ, कधीच काही न बोलणारी वहिनीसुद्धा.

दोन नावं नाहीत. एक माझं. दुसरं दादाचं.