गरम पाण्याने सर्दीचा विषाणू मरत नाही

‘दर पंधरा मिनिटांनी गरम पाण्याचा घोट घ्या, घशातला विषाणू पोटात वाहून जातो आणि तिथल्या आम्लात मरतो’ असा संदेश सध्या फिरतो आहे. तो चुकीचा आहे. सर्दीचे विषाणू नाकाच्या आणि घशाच्या पेशींच्या आत शिरून वाढतात. घोटभर पाण्याने ते धुऊन निघत नाहीत. शिवाय घोट गिळल्यावर थोड्याच वेळात घसा पुन्हा शरीराच्या तापमानावर येतो.

पण म्हणून गरम पेय निरुपयोगी ठरतं असं नाही. कार्डिफ विद्यापीठातल्या संशोधकांनी 2008 मध्ये सर्दी झालेल्या 30 जणांना फळांच्या रसाचं पेय दिलं, काहींना गरम, काहींना साधं. नाकातून हवा जाण्याचं मोजमाप कुणातच फारसं बदललं नाही. पण गरम पेय घेणाऱ्यांना खोकला, शिंका, घशाची खवखव आणि थकवा यांतून लगेच आराम वाटला. आजारी माणसाला हा आराम लाखमोलाचा असतो, तो नाकारू नये.

तेव्हा चहा, सूप, आलं-लिंबू, जे आवडेल ते घ्या. दूधही चालतं, त्याने कफ वाढतो हा समजही खरा नाही. मात्र चटका बसेल इतकं गरम पिऊ नका: 65 अंश सेल्सियसपेक्षा गरम पेयं अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारणीभूत ठरतात, असं जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2016 मध्ये म्हटलं आहे. आणि गरम पेयात मध घालत असाल, तरी एक वर्षाखालच्या बाळाला मध अजिबात देऊ नका, अगदी बोटावर चाटवण्यापुरताही नाही; त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो.