क्रूस होडीवर आहे, तांडेलाच्या डोक्यात नाही

इस्टरपासून आमच्या उत्तनच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: 'जगात एकही ख्रिस्ती अतिरेकी नाही. आपण दुसरा गाल पुढे करतो. पोपने तर गोळ्या झाडणाऱ्यालाही सोडून दिलं.' खाली कबुतर, क्रूस, जोडलेले हात. मला तो सख्ख्या मामाने पाठवला, म्हणून गप्प बसवत नाही.

'एकही नाही' हे साफ खोटं. युगांडात बंडखोरांचा म्होरक्या जोसेफ कोनीने दहा आज्ञांचं राज्य आणतो म्हणत हजारो पोरं पळवली आणि त्यांच्याच हाती बंदुका दिल्या. अमेरिकेत क्रूस पेटवणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेषी टोळीच्या माणसांनी १९६३ साली बर्मिंगहॅमच्या काळ्यांच्या चर्चमध्ये बॉम्ब ठेवला. रविवारी आलेल्या चार मुली जिवानिशी गेल्या. उत्तर आयर्लंडात कॅथलिक-प्रोटेस्टंट झगड्यात तीस वर्षांत साडेतीन हजारांच्या आसपास माणसं मेली, मारणारे बहुतेक बाप्तिस्मा झालेले. १९७९ साली पोप दुसरे जॉन पॉल यांनी सीमेजवळच्या द्रोहेडा गावी येऊन म्हटलं, गुडघे टेकून विनवतो, हिंसा सोडा. कॅथलिकांच्या बाजूने लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेने ऐकलं नाही. 'ते राजकारण हो, धर्म नव्हे' असं मामा म्हणणार. बरंचसं खरंय. पण हीच सवलत दुसऱ्या धर्माच्या माणसाला आपण कधी दिली?

गालाचं म्हणाल तर येशू माझ्या गालाबद्दल बोलला. शेजाऱ्याचा गाल पुढे करायला त्याने सांगितलेलं नाही.

आणि पोप. याच जॉन पॉलना १३ मे १९८१ ला गोळ्या लागल्या, चार दिवसांत इस्पितळातूनच त्यांनी त्या झाडणाऱ्या अलि आगजाला माफ केलं. १९८३ च्या नाताळात तुरुंगात जाऊन त्याच्या शेजारी बसले. बोलणं झालं, पोप बाहेर आले, आगजा आतच राहिला. इटलीने त्याला माफी दिली ती २००० साली. मग मायदेशी तुर्कस्तानात जुन्या खुनासाठी पुन्हा तुरुंग. क्षमा पोपची होती, शिक्षा कोर्टाची.

परवा बंदरावर खलाशांची ओळखपत्रं तपासत होते. मामा चिडला, "होडीवर एवढा मोठा क्रूस रंगवलाय, दिसत नाही?" मी म्हटलं, "मामा, २६/११ ला कसाब आला त्या ट्रॉलरवर देवाचंच नाव होतं. कुबेर."

मामाने लुंगीच्या गाठीतून प्लॅस्टिकची पिशवी काढली, पिशवीतून कार्ड काढलं.