विक्री घटली की कोणाचे उपचार थांबवायचे?

सध्या एक मजकूर सगळीकडे फिरतो आहे. दिव्यांगांसाठी काम करणाऱ्या संस्थांनी लोकांपुढे हात पसरणं बंद करावं, दुकान किंवा कारखाना काढावा आणि त्याच्या नफ्यातून सेवा चालवाव्यात. देणगी नको, अनुदानही नको. दाखला म्हणून जुन्या वस्तूंची दुकानं चालवणाऱ्या अमेरिकेतल्या ‘गुडविल’ या संस्थेचं नाव दिलं आहे. वाचायला छान वाटतं, म्हणूनच त्यातलं एकेक विधान नीट तपासायला हवं.

‘गुडविल देणगीशिवाय चालते.’ मुळात तिची सुरुवातच देणगीतून झाली. १९०२ साली बॉस्टनमध्ये एडगर हेल्म्स या पाद्रींनी सुखवस्तू घरांतून जुने कपडे आणि सामान मागून आणलं. गरजू माणसांना ते दुरुस्त करायचं काम दिलं आणि मग ते विकलं. आजही तिच्या दुकानांतला बहुतेक माल लोकांनी फुकट दिलेला असतो. रोख रकमेऐवजी कपड्यांचं गाठोडं आलं, एवढाच फरक.

‘नफा झाला की सेवा आपोआप चालतील.’ माझा खरा आक्षेप इथे आहे. ज्याला गिळायला त्रास होतो, अशा मुलाला भरवताना कधी पाहिलं आहे का? मान आधाराने सरळ धरायची, अर्धा चमचा द्यायचा, गिळल्याची खात्री होईपर्यंत थांबायचं, मगच पुढचा घास. घाई केली तर अन्न श्वासनलिकेत जाऊ शकतं. कारखान्यात यंत्र आणून उत्पादन दुप्पट करता येतं. या चमच्याचा वेग कोण वाढवणार? या कामाचा खर्च मुख्यतः माणसांच्या पगाराचा, आणि तो दरमहा द्यावाच लागतो. विक्री मात्र हंगामावर आणि बाजारावर अवलंबून. २०२०च्या टाळेबंदीत दुकानं बंद पडली. मुलांची भूक, औषधं आणि व्यायाम यांना कसली टाळेबंदी? उलट उपचार खंडित झाले की आखडलेले स्नायू मोकळे करायला पुन्हा कित्येक महिने जातात.

‘दिव्यांगच काम करतील, म्हणजे रोजगारही मिळेल आणि सेवेचा पैसाही निघेल.’ ही दोन उद्दिष्टं एकाच ताटात वाढली की त्यांची ओढाताण होते. ऑर्डर उद्या द्यायची असेल तर भरभर लिफाफे चिकटवणाऱ्यालाच पुढे बसवलं जातं. ज्याला शिकायला वेळ लागतो तो बाजूला पडतो, आणि संस्था तर त्याच्यासाठीच काढलेली असते. अमेरिकेत १९३८च्या कायद्याने दिव्यांगांना किमान वेतनापेक्षा कमी मजुरी देण्याची सवलत ठेवली, आणि ती वापरणाऱ्यांत ना-नफा संस्थाच मोठ्या संख्येने होत्या. ज्यांच्यासाठी सेवा, त्यांच्याच मजुरीत काटछाट! मला हे अजिबात मान्य नाही.

इटलीची वाट मला जास्त प्रामाणिक वाटते. तिथल्या १९९१च्या कायद्यानुसार रोजगार देणाऱ्या सामाजिक सहकारी संस्थांत किमान ३० टक्के कामगार वंचित गटांतले असावे लागतात. त्या बदल्यात त्यांच्या सामाजिक विम्याच्या हप्त्यात सरकार सूट देतं. म्हणजे धंदा खरा, पण पाठीशी सार्वजनिक पैसा आहेच.

‘अनुदान म्हणजे परावलंबन.’ संयुक्त राष्ट्रांच्या २००६च्या दिव्यांग हक्क करारात पुनर्वसन आणि समाजात राहण्यासाठी लागणारी मदत ही राज्यसंस्थेची जबाबदारी मानली आहे. रस्ता वापरणाऱ्याला कोणी परावलंबी म्हणत नाही. मग वाचा-उपचार घेणाऱ्यालाच का म्हणावं?

संस्थांनी व्यवसाय करू नये, असं मी म्हणत नाही. जरूर करावा. त्या पैशाला देणगीदाराची अट चिकटलेली नसते. त्यातून नवं साधन घेता येतं, एखादा प्रयोग करून पाहता येतो, गाडी दुरुस्त होते. भरवणाऱ्या ताईंचा आणि थेरपिस्टचा पगार मात्र महिन्याच्या गल्ल्यावर टांगून ठेवू नये. त्याची तरतूद वर्षाच्या सुरुवातीलाच, विक्रीचा आकडा बाजूला ठेवून व्हायला हवी.