मधात

स्लीपरच्या डब्यात बर्थच्या नंबराला आठाने भागायचं. बाकी दोन किंवा पाच उरली की समजून घ्यायचं, आपल्या नशिबात मिडल आहे. माझा नंबर ३४. परभणीच्या फलाटावर मी तीनदा भागाकार केला, तीनदाही बाकी दोनच. भाचीला ३५, म्हणजे अप्पर. ३३ वर एक आजी, त्या आधीच मांडी घालून बसलेल्या.

मिडलवाल्याची गोची अशी, की त्याची मालकी रात्री दहा ते सकाळी सहापुरतीच. बाकी वेळ त्याचा बर्थ भिंतीला पाठ लावून पडलेला असतो आणि मालक खालच्याच्या जागेवर जावयासारखा अंग चोरून बसतो. फरक एवढाच, की जावयाला चहा मिळतो.

"बसा की मामा, मधात बसा. लेकराला खिडकीपाशी बसू द्या," आजी म्हणाल्या.

मी मधात बसलो. एका बाजूला आजी आणि त्यांची धपाट्यांची पिशवी, दुसऱ्या बाजूला मोंढ्यातले एक अडत शेठ. हा 'मधात' शब्द आमच्याकडं सर्रास चालतो. नदी ओलांडून पुण्याकडं गेलं की मात्र घोटाळा होतो. तिकडं नोकरीला असताना एकदा साहेबांना सांगितलं, "फाईल कपाटात, मधात ठेवलीय." साहेब गंभीरपणे म्हणाले, "काढा हो, मुंग्या लागतील."

मानवत रोड गेलं आणि भाचीनं वही काढली. आठवीची स्कॉलरशिप आहे तिला. "मामा, रिकाम्या जागा भरायच्यात. इथं मिडल लिहू का सेंटर?"

मी घरात तीन भावांतला मधला. थोरल्याचे कपडे मला यायचे आणि धाकट्याच्या खोड्यांचा मारही मलाच. वर्गात मधल्या बाकावर, मार्कांतही मधोमध. या विषयावर माझा अधिकार मोठा.

"हे बघ," मी म्हणालो, "कर्कटकाचं टोक कागदात टोचलं की भोक पडतं ना, ते सेंटर. वर्तुळाला एकच असतं, मोजून काढता येतं. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थच अणकुचीदार टोक. आपलं 'केंद्र'सुद्धा त्याच ग्रीक शब्दावरून आलंय, ज्योतिषाबरोबर. मिडल तसं टोचत नाही. दोन्ही टोकांपासून लांब जो ऐसपैस भाग, तो सगळा मिडल. म्हणून रस्त्याला मिडल असतं, गोष्टीला असतं, रात्रीलाही असतं. रात्रीला सेंटर नसतं."

"पण आमच्या परीक्षेचं सेंटर तर गावाच्या पार शेवटी आलंय."

खरं होतं. आमच्या गावात ज्याला ज्याला सेंटर म्हणतात ते सगळं कडेला असतं. परीक्षेचं सेंटर एमआयडीसीपलीकडं, झेरॉक्स सेंटर गल्लीच्या टोकाला. मी घाईघाईनं पुढचा शब्द विचारला.

पुढचा होता मिडलमन. शेठजींनी मोबाइलमधून मान वर काढली. मी सांगितलं, शेतकरी आणि व्यापारी यांच्या मधात जो असतो तो. शेठजी म्हणाले, "आम्हीच की!" मधात बसून फायदा झालेला हा माझ्या पाहण्यातला एकमेव माणूस. जागासुद्धा त्यांनी कडेची धरली होती. मिडल क्लास समजावून सांगायची वेळच आली नाही, तिनं माझ्या चपला बघितल्या होत्या. मिडल नेम तर रोजचंच. आपल्याकडं तिथं बापाचं नाव, लग्नानंतर बहुतेकींचं नवऱ्याचं. आमच्या घरच्या कागदपत्रांत बायकोच्या मधल्या जागी कुठं सासरे आहेत, कुठं मी. दोघांत एकमत व्हावं म्हणून अजून हेलपाटे चालू आहेत.

सेलूच्या आसपास आजोबांची आठवण निघाली. ते निजामाच्या राज्यातले मिडल पास. १९४८ च्या सप्टेंबरात संस्थान गेलं, पण आजोबांचं मिडल गेलं नाही. कुणी शिक्षण विचारलं की छाती काढून सांगायचे, "मिडल!" त्यापुढं शाळा त्यांना मिळालीच नाही. म्हणजे शेवटाला मिडल म्हणणारा आमच्या घरातला तो पहिला माणूस.

"मामा, मिडवाइफ म्हणजे मधली बायको का?"

डब्यात हशा पिकला. शेठजी तर एवढे हसले की मला अर्धी वीत जागा जास्त मिळाली.

"सुईण," मी म्हणालो.

"मग मधली कशाची?"

मोबाइलमध्ये शोधावं लागलं. जुन्या इंग्रजीत 'मिड' म्हणजे सोबत. मिडवाइफ म्हणजे बाईच्या सोबत असणारी, मधल्याबिधल्याशी काही देणंघेणं नाही. वाचून दाखवेपर्यंत आजी बोलल्याच, "सुईणच हाय मी. गावातली निम्मी लेकरं माझ्या हातची. मधात कशाला? अख्खी रात बाईच्या उशाला बसून ऱ्हायचे." शब्दकोशाला लागले त्याहून कमी शब्द. शिवाय वर एक धपाटं आणि शेंगदाण्याची चटणी.

त्याच झोकात मी आणखी एक पुडी सोडली. मिडल, लॅटिनमधलं मेडिअस आणि आपलं मध्य एकाच कुळातले. मधाच्या कुळातला इंग्रजी शब्द मीड, म्हणजे मधाची दारू. मध्य आणि मध यांचं मात्र आपसात नातं नाही. हे पुण्याच्या साहेबांना कळवायला पाहिजे होतं. शेठजींनी फक्त दारू एवढंच ऐकलं.

दहा वाजले. साखळ्या अडकवल्या, बर्थ उचलला आणि आत शिरलो. शिरलो म्हणजे ड्रॉवरमध्ये कागद सारतात तसा सारला गेलो. उठून बसावं तर डोकं भाचीच्या बर्थला, पाय लांब करावेत तर जाणाऱ्यायेणाऱ्यांच्या तोंडाशी. खालून आजींचं घोरणं, वरून वहीची पानं. जालना कधी गेलं कळलं नाही, संभाजीनगरला चहावाल्यानं माझ्याच पायाला धरून विचारलं, "खाली कोण उतरायलंय?"

पुन्हा कुठं डोळा लागला, तर वरून आवाज. "मामा, किती वाजले?"

"पावणेतीन."

"म्हणजे हे मिडल ऑफ द नाइट ना?"

"हो."

"पण मध्यरात्र तर बाराला असते."

"आपली बाराला असते. इंग्रजांची झोपमोड होईल तेव्हा."

थोडा वेळ शांतता. मग पुन्हा, "मामा, तुम्ही झोपलाव का?"

"बाई," खालून आजी म्हणाल्या, "त्याला झोपू दे. मधातलं माणूस हाय, दोन्हीकडून कुणी बोलू नये."

आणि खालून बर्थला एक ठोसा बसला. "मामा, तेवढी लाइट बंद करा की."