कळसाला सोनं चढवा, पण आधी धर्मशाळा बांधा

गुरुपौर्णिमा झाली, रामनवमी झाली की ठरलेली बातमी येते. अमुक देवस्थानाच्या दानपेटीत इतके कोटी, इतकं सोनं, इतकी चांदी. खाली कॉमेंटमध्ये लगेच दोन तट. एक म्हणतो, हा पैसा शाळा-दवाखान्यांना द्या. दुसरा म्हणतो, आमच्याच देवाच्या पैशावर तुमचा डोळा का? मला दोन्ही पटत नाही. देवस्थानांनी कॉलेजं आणि टोलेजंग हॉस्पिटलं काढण्याआधी आपलं जुनं काम पुन्हा हातात घ्यावं, एवढंच माझं मागणं आहे. परगावाहून आलेल्या माणसाला पाठ टेकायला जागा देणं, हे ते काम.

परळला कॅन्सरच्या उपचारासाठी नात्यातल्या एकांना घेऊन गेलो होतो. उपचाराचं कसंबसं जमतं हो. योजना असतात, सिद्धिविनायकासारखे ट्रस्ट वैद्यकीय मदतीचे चेक देतात, कुणीतरी ओळखीचा निघतो. पण केमोच्या दोन फेऱ्यांमधले दिवस काढायचे कुठे? लॉजचं भाडं परवडत नाही आणि गावी जाऊन परत येण्याएवढी पेशंटमध्ये ताकद नसते. मग फुटपाथवर ताडपत्री, उशाला रिपोर्टांची पिशवी. विदर्भातली, खानदेशातली, थेट बिहार-बंगालमधली माणसं अशी पडलेली बघितली की दानपेटीचे आकडे वाचवत नाहीत.

त्याच भागात, दादरला, गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. भाडं नाममात्र, खोल्यांत झगमगाट नाही, पण पेशंटला पलंग आणि सोबतच्याला जागा. तिथल्या व्हरांड्यात एक मावशी आमच्या पेशंटला बघून एवढंच म्हणाल्या, "वरण पातळ ठेवा, गिळायला त्रास होतो." ना ओळख ना देख. त्यांचे यजमान आतल्या खोलीत होते. असा शेजार हॉस्पिटलच्या बिलात मिळत नाही.

गाडगेबाबांना हे कुणी शिकवलं नव्हतं. मूर्तीपेक्षा हातातल्या खराट्यावर त्यांचा भरवसा जास्त. पंढरपूर, आळंदी, नाशिक जिथे जिथे माणसं लोटतात तिथे त्यांनी धर्मशाळा बांधल्या, मुंबईत जे. जे. रुग्णालयापाशीही बांधली. स्वतः मात्र त्यात राहिले नाहीत, झोपडीत राहिले. पंढरपुरात चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा उभी केली, कारण अस्पृश्य वारकऱ्याला बाकी ठिकाणी दारातच अडवत होते. ती इमारत पुढे 1949 मध्ये त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली. विठ्ठलाचं देऊळ सगळ्यांना उघडावं म्हणून साने गुरुजींना 1947 मध्ये उपोषणाला बसावं लागलं, हेही त्याच गावात. म्हणून धर्मसंस्थांच्या समाजकार्याचं कौतुक ऐकताना मी आधी बघतो, की दारातून परत कुणाला पाठवलं. नांदेडच्या गुरुद्वाऱ्यात लंगरला बसणाऱ्याची जात कुणी विचारत नाही, मला ते जास्त मोठं वाटतं.

शेगावचं उदाहरण कुणी तरी देणारच, तर देतोच. स्वच्छता, शिस्त, परवडणारं भक्तनिवास, विनामोबदला राबणारे सेवेकरी. इंजिनिअरिंग कॉलेजही आहे, पण माणूस तिथून घरी येऊन सांगतो ते मुक्कामाचं आणि सेवेकऱ्यांच्या वागण्याचं.

हे सरकारचं काम नाही का? आहे, शंभर टक्के आहे. पण ट्रस्टांना करसवलती मिळतात, अनेकांना जमिनीही सवलतीत मिळाल्यात. धर्मादाय हॉस्पिटलांनी 10 टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांना सवलतीत द्यायच्या, असा नियम आहे. एका ठिकाणी त्याचा फलक मी दाराच्या मागे लावलेला पाहिला. दार उघडं असलं की दिसत नाही, आणि दार तर दिवसभर उघडंच. नियम ठाऊक नसलेला शेतकरी गाय विकून बिल भरतो. मग हा धर्मादाय नक्की कुणाचा?

आणि एसी भक्तनिवास म्हणजे धर्मशाळा नव्हे. ऑनलाइन बुकिंग, आधार कार्ड, चेकआउटची वेळ, हे सगळं दर्शनाला आलेल्या कुटुंबाला ठीक आहे. आजारी माणसाला महिनाभर राहायचं असतं, कधी निघायचं ते डॉक्टर ठरवतो.

पुण्यात, नागपुरात, छत्रपती संभाजीनगरला मोठ्या सरकारी रुग्णालयांजवळ अशी शंभर-दोनशे खाटांची जागा चार देवस्थानं मिळून सहज चालवू शकतात. त्याला सुपर स्पेशालिटी डॉक्टर लागत नाहीत. स्वयंपाकघर, गरम पाणी, लिफ्ट आणि खेकसणार नाही असा मॅनेजर, बस.

आमच्या गावच्या देवस्थानाची सर्वसाधारण सभा पुढच्या महिन्यात आहे. उत्पन्नाचा काही हिस्सा अशा कामाला द्यावा असा ठराव मी लेखी दिलाय. विषयपत्रिकेवर तो शेवटचा आहे. त्याच्या आधी सभामंडपाच्या ग्रॅनाइटचा विषय आहे आणि त्यावर दीड तास चर्चा होणार हे मी आजच लिहून देतो. गावातल्या ज्यांना जमेल त्यांनी शेवटपर्यंत थांबा, कोरम लागतो.