लायन्स क्लबच्या नावाने फिरणाऱ्या संदेशाबाबत खुलासा

‘लायन्स क्लब ही परदेशी सरकारची योजना असून 500 रुपये भरून सभासद होणाऱ्या शेतकऱ्यास बिनव्याजी कर्ज व मोतीबिंदूची मोफत शस्त्रक्रिया मिळते’ असा संदेश यवतमाळ जिल्ह्यातील काही गावांत मोबाइलवर फिरत आहे. तो खोटा आहे.

मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने 1917 साली अमेरिकेतील शिकागो येथे सुरू झालेली ही स्वयंसेवकांची संघटना आहे. तिचा कोणत्याही सरकारशी वा पक्षाशी संबंध नाही आणि ती कर्ज देत नाही. 1925 साली अंध व बधिर असलेल्या अमेरिकन लेखिका हेलन केलर यांनी अंधांसाठी काम करण्याचे आवाहन केल्यापासून नेत्रसेवा तिची मुख्य ओळख झाली, आणि गावोगावच्या नेत्रशिबिरांमुळेच बहुधा या संदेशावर लोकांचा चटकन विश्वास बसतो.

सभासदत्व निमंत्रणाने मिळते, आणि सभासद वर्गणी भरतो ती सेवा करण्यासाठी, लाभ घेण्यासाठी नव्हे. अनेक क्लब मिळून एक प्रांत होतो व त्याचा प्रांतपाल एका वर्षासाठी निवडला जातो. लोकांकडून सेवाकार्यासाठी जमवलेला पैसा क्लबच्या कारभारावर खर्च करता येत नाही, हा नियम मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

डोळ्यांत औषध घालून शाळेच्या व्हरांड्यात तपासणीची वाट पाहणाऱ्या आजीबाईला सभासद असण्याची गरज नसते. सोयाबीनच्या चुकाऱ्यातून कोणी संदेशातले 500 रुपये ऑनलाइन भरले असल्यास त्यांनी विलंब न करता 1930 या सायबर मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी.